पुस्तक बदलते तेव्हा

मूल घरीच शिकवायचे असे ठरवलेल्या आईवडिलांना भाषेची फारशी काळजी वाटत नाही. घरात पुस्तके असली, बोलणे असले, की भाषा कुठूनही येते. इतिहास-भूगोलाचेही बरेचसे तसेच. शिवकाल आधी वाचला आणि अशोक नंतर, म्हणून काही बिघडत नाही. गणिताशी मात्र असे वागता येत नाही. भागाकाराला गुणाकार लागतो, अपूर्णांकाला भागाकार लागतो आणि बीजगणिताला अपूर्णांक. मधली एक पायरी निसटली तर ते लगेच कळतही नाही. तीन-चार वर्षांनी, भलत्याच धड्यात, पाय घसरल्यावर कळते. म्हणून घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत सर्वांत जास्त खल होतो तो गणिताचे कोणते पुस्तक घ्यावे यावर, आणि त्याहूनही जास्त, घेतलेले पुस्तक मधेच सोडून दुसरे धरावे का यावर.

वरवर पाहता हा एका घराचा खासगी प्रश्न आहे. पण त्याच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा सार्वजनिक इतिहास उभा आहे, आणि तो सर्वांत ठळकपणे अमेरिकेत वाचता येतो. याची कारणे दोन. तिथे संपूर्ण देशासाठी एकच सरकारी पाठ्यपुस्तक कधी नव्हते, त्यामुळे पुस्तकांचा बाजार मोठा झाला. आणि गेल्या पन्नास वर्षांत घरी शिकवण्याचा हक्क तिथल्या कुटुंबांनी एकेका राज्यात भांडून मिळवला. आज तिथे घरी शिकवणारी आई पुस्तके निवडायला बसते तेव्हा तिच्यासमोर एकोणिसाव्या शतकातले अंकगणित, शीतयुद्धाच्या काळातले बीजगणित आणि आशियातल्या एका बेटाचे सरकारी गणित, तिन्ही शेजारी शेजारी असतात. पुस्तक बदलताना ती नकळत एका जुन्या वादाची बाजू बदलत असते.

*

त्या वादाची सुरुवात दोन नावांनी करता येईल. १८२१ साली बोस्टनमध्ये वॉरन कोलबर्न या तरुण शिक्षकाने अंकगणिताचे एक छोटे पुस्तक काढले. स्वित्झर्लंडच्या पेस्टालॉत्सीची शिक्षणपद्धती त्याच्या मनात होती. तोवरची रीत अशी, की आधी नियम पाठ करायचा, मग एक सोडवलेले उदाहरण पाहायचे, मग तशीच वीस उदाहरणे करायची. कोलबर्नने ती उलटी केली. मुलाला आधी प्रश्न द्यायचे, तेही बोटे, फळे, नाणी अशा रोजच्या वस्तूंचे, आणि तोंडी. उत्तरे देता देता नियम मुलाच्याच तोंडून यावा अशी त्याची अपेक्षा होती. पुस्तक अफाट खपले. कोलबर्न स्वतः मात्र शाळा सोडून कापडगिरणीच्या व्यवस्थापनात गेला.

दुसरे नाव जोसेफ रे. हा सिनसिनाटीचा प्राध्यापक. १८३४पासून त्याची अंकगणिताची पुस्तके येऊ लागली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शाळांत आणि घरांत पोचली. त्यांत तोंडी गणित होतेच, पण त्यांचा खरा कणा होता व्यवहार. धान्याची मापे, जमिनीचे क्षेत्रफळ, व्याज, सूट, भागीदारी. नियम स्पष्ट, उदाहरणे भरपूर. ज्या घरात एखादेच पुस्तक येणार आणि तेच चार भावंडांत फिरणार, त्या घराला हे परवडणारे होते.

अब्राहम लिंकनचे शिक्षण साधारण याच काळातले. त्याची सगळी शाळा मिळून वर्षभराचीही भरत नाही. आपल्याला वाचन, लेखन आणि त्रैराशिकापर्यंतचे गणित येत होते असे त्याने पुढे नमूद केले आहे. त्याने हाताने शिवलेल्या गणिताच्या वहीची काही पाने त्याच्या सावत्र आईने जपून ठेवली होती. ती आज ऐतिहासिक कागद म्हणून पाहिली जातात. ‘त्रैराशिक’ हा शब्द आपल्याकडचा, आणि ती रीतही आपल्याकडून अरबांमार्फत युरोपात गेलेली. तिथून ती अमेरिकेतल्या एका लाकडी झोपडीत पोचली. घरी बसून शिकलेल्या गणिताचा प्रवास किती लांबचा असतो, याचा हा एक दाखला.

कोलबर्न आणि रे यांच्यातला फरक आजही मिटलेला नाही. आधी समजायचे आणि मग सराव करायचा, की सराव करता करता समजायचे? पुढच्या प्रत्येक पुस्तकाने याच प्रश्नाला आपल्या काळाचे उत्तर दिले.

*

एकदा मात्र कुणीतरी तिसराच प्रश्न विचारला: पुस्तक मुळात इतक्या लवकर उघडायचे कशाला? न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात एल. पी. बेनेझे हे शाळांचे अधीक्षक होते. १९२९ साली त्यांनी काही निवडक वर्गांतून पहिल्या पाच इयत्तांचे औपचारिक अंकगणित काढून टाकले. मुले घड्याळ वाचत, अंतराचा अंदाज घेत, पैशांचे बोलत, गोष्टी सांगत आणि वाद घालत. मांडून करायची बेरीज-वजाबाकी सहावीत आली. बेनेझे यांनी १९३५-३६मध्ये लिहिलेल्या लेखांनुसार ही मुले सहावीत थोड्याच काळात इतरांच्या बरोबरीला आली, आणि शाब्दिक उदाहरणांचा विचार करण्यात ती सरस होती.

घरी शिकवणारी मंडळी हा प्रयोग फार प्रेमाने सांगतात. सात वर्षांच्या मुलाला हातच्याची बेरीज जमत नसेल तर त्यांना त्यातून मोठा धीर मिळतो. पण त्याच लेखांतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बेनेझे यांनी प्रयोगासाठी मुद्दाम असे वर्ग निवडले, जिथल्या दहांपैकी एकाही पालकाची मातृभाषा इंग्रजी नव्हती. शिकल्यासवरलेल्या वस्तीत हा प्रयोग केला असता तर पालकांनी आरडाओरडा केला असता, हे त्यांनी लपवलेले नाही. म्हणजे मुलांचे गणित बदलले गेले आणि ज्यांची मुले होती त्यांना कुणी विचारलेच नाही. भाषेमुळे ते बोलू शकणार नव्हते म्हणूनच ते निवडले गेले. प्रयोग यशस्वी झाला म्हणून हा भाग पुसला जात नाही. अभ्यासक्रम कोण बदलतो आणि कोणाच्या मुलांवर बदलतो, हा प्रश्न तेव्हापासून या इतिहासात आहे.

*

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या मुलांच्या गणिताची लाज वाटू लागली. पुढच्याच वर्षी सरकारी पैशातून गणितज्ञांचा एक अभ्यासगट उभा राहिला. येल विद्यापीठाचे एडवर्ड बेगल त्याचे प्रमुख होते. त्यातून आणि अशा इतर प्रयत्नांतून जे आले त्याला ‘नवे गणित’ म्हणतात. मुले संच शिकू लागली, बेरजेच्या क्रमनिरपेक्षतेचा नियम शिकू लागली, आणि दहाऐवजी आठ पाया धरून वजाबाकी करू लागली. हेतू चांगला होता. मुलांना गणिताची रचना कळावी, केवळ कृती नव्हे.

पण संध्याकाळी घरी मुलाचा गृहपाठ आईवडिलांना कळेना. टॉम लेहरर हे स्वतः गणित शिकवत आणि विनोदी गाणीही लिहीत. त्यांनी १९६५मध्ये आठ पायाच्या वजाबाकीवर एक गाणे केले आणि देश हसला. १९७३मध्ये गणितज्ञ मॉरिस क्लाइन यांनी नव्या गणितावर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले, तोवर ही लाट ओसरू लागली होती. आपल्याकडेही संचांचे गणित पाठ्यपुस्तकांत शिरले. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांना शाळेतली ती महिरपी कंसातली यादी आठवत असेल, आणि तिचे पुढे काय करायचे होते हे आठवत नसेल.

नवे गणित का फसले, याची उत्तरे अनेकांनी दिली आहेत. त्यातले एक फार साधे आहे. नवी पुस्तके लाखो मुलांच्या हातात गेली, पण शिकवणारे तेच राहिले. स्वतः नियम पाठ करून शिकलेल्या शिक्षकांना काही उन्हाळी वर्गांत नवे गणित समजावले गेले. बहुतेकांना तेवढेही मिळाले नाही. आणि घरी मदत करणाऱ्या आईकडे तर कुणी पाहिलेच नाही. मुलाचे पुस्तक बदलले, आणि मुलाच्या शेजारी बसलेले माणूस जुन्याच पुस्तकात राहिले.

*

याच काळात जॉन होल्ट खासगी शाळांत पाचवीच्या मुलांना गणित शिकवत होते. बेल्जियमच्या कुझनेर या शिक्षकाने तयार केलेल्या रंगीत लाकडी पट्ट्या घेऊन ते मुलांसोबत बसत आणि मुले नेमके काय करतात ते टिपून ठेवत. त्यांना दिसले की हुशार म्हणवणारी मुलेही विचार करत नाहीत. शिक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडतात. चुकण्याची भीती त्यांना गणितापेक्षा मोठी असते. १९६४मध्ये या टिपणांचे पुस्तक झाले. होल्ट आधी शाळा सुधारू पाहत होते. तो नाद सोडून १९७७मध्ये त्यांनी घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी एक वार्तापत्र सुरू केले.

त्या वेळी अनेक राज्यांत मूल शाळेत न पाठवणे म्हणजे खटल्याला निमंत्रण होते. धार्मिक कारणांनी शाळेपासून दूर गेलेली आणि होल्टसारख्यांमुळे गेलेली, अशी दोन अगदी वेगळ्या विचारांची कुटुंबे एकाच कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. १९९९च्या सरकारी पाहणीत अशा मुलांची संख्या साडेआठ लाखांच्या आसपास निघाली.

कायदेशीर झाले म्हणजे मोकळे झाले असे नव्हे. न्यूयॉर्क राज्यात १९८८च्या नियमांनुसार पालकांना वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचा आराखडा किंवा पाठ्यपुस्तकांची यादी द्यावी लागते आणि दर तिमाहीला अहवाल पाठवावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची फाइल ठेवून ती दाखवावी लागते. अशा ठिकाणी डिसेंबरमध्ये गणिताचे पुस्तक बदलणे म्हणजे नुसते नवे पार्सल मागवणे नसते. आपण का बदलले हे आईला कागदावर सांगता यावे लागते. आणि हे बहुतेक वेळा आईच करते. घरी शिकवण्याचा भार मुख्यतः बायकांवर पडला, ही या इतिहासाची एक कमी बोलली जाणारी बाजू आहे. शाळेत गणिताची धास्ती घेतलेल्या अनेक मुली वीस वर्षांनी आई होऊन त्याच विषयाच्या शिक्षिका झाल्या.

*

अशा आईला ज्या पुस्तकाने आधार दिला ते जॉन सॅक्सन यांचे. सॅक्सन हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. ओक्लाहोमातल्या एका कॉलेजात ते बीजगणित शिकवू लागले तेव्हा मुले धडा संपेपर्यंत सगळे जाणतात आणि महिन्याभरात विसरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी धड्यांचे लहान लहान तुकडे केले. रोज एक तुकडा नवा. त्याखाली तीसएक उदाहरणे, पण त्यांतली नव्या भागाची अगदी थोडी; बाकी सगळी मागच्या आठवड्याची, मागच्या महिन्याची. काहीही कधी पूर्णपणे मागे पडत नाही. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९८१मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि गणितशिक्षणाच्या तज्ज्ञांशी जाहिरातींतून उघड भांडण मांडले.

घरी शिकवणाऱ्यांना हे पुस्तक का मानवले ते समजण्यासारखे आहे. मूल धडा स्वतः वाचू शकत होते. आईला गणित फार येत नसले तरी चालत होते; उत्तरांची पुस्तिका हातात होती. चौघा मुलांना चार इयत्ता शिकवणाऱ्या घरात ही मोठी सोय होती. त्याच सुमारास रेची जुनी अंकगणितेही याच कुटुंबांसाठी पुन्हा छापली गेली. सरकारी तज्ज्ञांवरचा विश्वास उडालेल्या लोकांना ‘आजोबांच्या वेळचे गणित’ हवे होते.

पण काही घरांत दोन-तीन वर्षांनी दुसरी तक्रार ऐकू येई. मूल तीस उदाहरणे बरोबर सोडवते, पण तेच उदाहरण वेगळ्या शब्दांत विचारले की गप्प बसते. किंवा रोजच्या तीस उदाहरणांना कंटाळून रडते. मग पुस्तक बदलण्याचा विचार सुरू होई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यासाठी एक नवे ठिकाण मिळाले, आणि ते फार दूरचे होते.

*

सिंगापूर १९६५मध्ये स्वतंत्र झाले तेव्हा तिथली मुले चिनी, मलय, तमिळ आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांत शिकत होती. पुढे गणित इंग्रजीतून शिकवायचे ठरले, पण अनेकांच्या घरात इंग्रजी नव्हती. १९८०मध्ये सरकारने अभ्यासक्रम घडवण्यासाठी एक संस्था उभारली, आणि तिथे डॉ. खो टेक हाँग यांच्या गटाने गणिताची नवी पुस्तके तयार केली. त्यांच्यासमोरची अडचण अशी, की ‘एकूण’, ‘उरले’ असे शब्द दिसले की मुले बेरीज-वजाबाकी करत; ते शब्द काढून घेतले की अडखळत. म्हणजे मुले गणित करत नव्हती, शब्दांची खूण पकडत होती.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पट्ट्यांचे चित्र. समजा, ताई आणि धाकटा यांच्याकडे मिळून ४८ गोट्या आहेत, आणि ताईकडे धाकट्याच्या तिप्पट आहेत. बीजगणितात आपण क्ष मानतो. सिंगापूरची तिसरी-चौथीची मुले धाकट्यासाठी एक चौकोन काढतात, ताईसाठी तसेच तीन. चार चौकोनांचे मिळून ४८, म्हणून एकाचे १२. धाकट्याकडे १२, ताईकडे ३६. इंग्रजी कमी कळणाऱ्या मुलालाही चित्र कळते. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारावर बेतलेला होता. अमेरिकेत मांडलेली कल्पना सिंगापूरच्या पाठ्यपुस्तकात रुजली.

१९९५च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत सिंगापूरची चौथीची आणि आठवीची, दोन्ही वर्गांची मुले गणितात पहिली आली. अमेरिकेत खळबळ उडाली. पण ही पुस्तके अमेरिकेत रुजवली ती आधी शाळांनी नव्हे, घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ओरेगॉनमधल्या एका कुटुंबाने ती आणून विकायला सुरुवात केली. पातळ, रंगीत, कमी शब्दांची पुस्तके घरोघरी गेली, आणि कल्पना निघाली होती त्याच देशात परत आली.

आता आईला दुसरी अडचण जाणवली. सॅक्सन सगळ्यातले थोडेथोडे रोज देत होते. सिंगापूरचे पुस्तक एकच गोष्ट हातात घेऊन तळापर्यंत जात होते आणि मग पुढे सरकत होते. एका क्रमातून दुसऱ्यात उडी मारताना मधे भोके राहात. म्हणून विक्रेत्यांनी पातळी ठरवण्याच्या चाचण्या दिल्या, आणि कित्येक मुले आपल्या वयाच्या इयत्तेच्या एक पायरी खाली बसली. चौथीत असलेल्या मुलाला तिसरीचे पुस्तक देणे वर्गात अपमानाचे असते. घरात कुणी पाहत नाही, हे घराचे मोठे बळ. पण तोटाही तिथेच आहे. शाळेत अभ्यासक्रम बदलला तर चाळीस मुले एकत्र अडखळतात आणि कुणीतरी त्यांची नोंद घेते. घरात एकच मूल अडखळते, आणि त्याला वाटते की दोष आपलाच.

आणखी एक गोष्ट. इकडे अमेरिकेतली कुटुंबे ही पुस्तके जिवापाड जपत असताना सिंगापूरने स्वतः ती सोडली. १९९७नंतर तिथे विचारकौशल्यांसाठी अभ्यासक्रम हलका करण्याचे धोरण आले, आणि २००१पासून प्राथमिक गणिताची पुस्तके खासगी प्रकाशकांकडे गेली. एका देशाने मागे टाकलेले पुस्तक दुसऱ्या देशातल्या घरांत आदर्श म्हणून शिकवले जात राहिले. कोणतेही पुस्तक कायमचे बरोबर नसते. ज्याने लिहिले तोही ते बदलतोच.

*

मग पुस्तक बदलल्याने खरोखर काय बदलते? १९९९मध्ये लिपिंग मा यांचे एक पुस्तक आले. त्या शांघायमध्ये वाढल्या. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना खेड्यात पाठवण्यात आले, आणि तिथे त्या लहान वयातच गावच्या शाळेत शिकवू लागल्या. पुढे अमेरिकेत शिकताना त्यांनी दोन्ही देशांतल्या प्राथमिक शिक्षकांनी त्याच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची तुलना केली. एक प्रश्न असा: १ ३/४ ला १/२ ने भागा, आणि हा भागाकार ज्यात येईल अशी एक गोष्ट सांगा. तेवीस अमेरिकन शिक्षकांपैकी फक्त नऊ जणांनी उत्तर बरोबर काढले. बहात्तर चिनी शिक्षकांपैकी सर्वांनी काढले. गोष्ट सांगताना तर अनेक अमेरिकन शिक्षक अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागू लागले. नवल हे, की चिनी शिक्षक औपचारिक शिक्षणात कमी होते. पण ते पाठ्यपुस्तक स्वतः अभ्यासत, त्यातली उदाहरणे स्वतः सोडवत, एकमेकांशी त्यावर बोलत.

मराठी वाचकाला हा प्रश्न ऐकताना गंमत वाटेल. १ ३/४ म्हणजे पावणेदोन. पावणेदोन किलो पीठ अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरायचे, तर किती पिशव्या? साडेतीन. आपल्या भाषेतच हा अपूर्णांक एका शब्दात बसलेला आहे. हिंदीत पौने, सवा, डेढ़, ढाई आहेत; गुजराती-बंगालीतही त्यांची भावंडे आहेत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. हाही एक अभ्यासक्रमच होता, बाजारपेठेसाठी आणि कुलकर्ण्याच्या दप्तरासाठी बनवलेला, आणि तोही आपण सोडला. त्यात घोकंपट्टी अफाट होती, छडीही होती. तरी पावणेदोनात अर्धे किती, हे विचारल्यावर त्या शाळेतले मूल गोंधळले नसते.

आपल्या काळातही असा एक बदल झाला. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बावीसला ‘वीस दोन’ असे वाचण्याची रीत आली. महाराष्ट्र हसला, चिडला. विषय विधिमंडळातही गेला. गणित विषयसमितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितले. मराठीत संख्या लिहिताना दशक आधी येतो आणि बोलताना एकक आधी. शिवाय त्रेसष्ट, अडुसष्ट असे जोडाक्षरांचे शब्द लहान मुलांना जड जातात. तमिळ, तेलुगू, कन्नड बोलणारे मूल वीस-एक याच क्रमाने म्हणते. मराठी, हिंदी, बंगाली मुलाला उलटे म्हणावे लागते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, ती पायरी सोपी करण्याची सोय होती. पण चर्चेत गणित मागे राहिले आणि अस्मिता पुढे आली. नव्या गणिताच्या वेळी अमेरिकन घरात जे झाले तेच इथे झाले. मुलाच्या शेजारी बसलेल्या माणसाला बदल का केला हे कुणी आधी सांगितले नाही.

भारतात घरी शिकवणारी कुटुंबे अजून थोडी आहेत. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. तो शाळेतल्या मुलाबद्दल बोलतो, घरी शिकणाऱ्याबद्दल स्पष्ट काही म्हणत नाही. अनेक कुटुंबे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी किंवा केंब्रिजची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देतात. म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी एक बदल अटळच असतो. तोवर मनाजोगत्या पुस्तकावर वाढलेले मूल परीक्षेच्या अभ्यासक्रमात उतरते. त्या दिवसाची तयारी कोणत्या पुस्तकाने जास्त होईल, हे आईवडील एकमेकांना विचारत राहतात.

दोनशे वर्षांच्या या गोष्टीत त्याचे एक उत्तर मिळते, आणि ते पुस्तकाच्या नावात नाही. कोलबर्न, रे, सॅक्सन, सिंगापूर, प्रत्येकाने काही मुलांना तारले आणि काहींना रडवले. मोठे बदल फसले ते बहुधा मोठ्या माणसाला वगळून केल्यामुळे. घराला एक संधी आहे जी सरकारांना सहसा मिळाली नाही. नवे पुस्तक मुलाला देण्याआधी आई-बाबा ते स्वतः घेऊन बसू शकतात, चौकोन काढू शकतात, पावणेदोनाला अर्ध्याने भागून त्याची गोष्ट रचू शकतात. अडले तर मुलासमोरच अडू शकतात. होल्टना वर्गात जी भीती दिसली होती, तिच्यावर याहून जुना आणि स्वस्त उपाय कुणी सांगितलेला नाही. असे केल्यावर कधी कधी लक्षात येते की पुस्तक बदलायची गरजच नव्हती. आणि बदललेच, तर त्या पहिल्या धड्यात मूल एकटे नसते.